पदवी, ऑनलाइन कोर्स की आणखी काही? पुढच्या पाच वर्षांचा अभ्यास आखायचाय

सत्तरीची_टीचर
नमस्कार. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. तिसरी-चौथी एकाच खोलीत. बहुतेक मुलांच्या घरी कोकणी, धनगरवाड्यावरून येणाऱ्यांची बोली वेगळी, आणि बागायतीत कामाला आलेल्या कुटुंबातली दोघं घरी कन्नड बोलणारी.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासाला द्यावेत असं म्हटलंय. तास भरायचे तर भरतात हो. पण निवृत्तीला अजून बरीच वर्षं आहेत, आणि प्रमाणपत्रांची फाइल जाड होऊन वर्ग होता तिथेच राहिला तर काय उपयोग? म्हणून पाच वर्षांचं काहीतरी नीट आखावं म्हणते. इग्नूतून (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ) एम.ए. शिक्षणशास्त्र करू का? की छोटे कोर्स बरे? रेंज घरामागच्या काजूखाली मिळते, पावसात तीही नाही. पैसे बेताचे.

पर्वरी_फेरी
आधी जे फुकट आहे ते बघा. 'निष्ठा' हे केंद्र सरकारचं शिक्षक प्रशिक्षण २०१९ ला सुरू झालं तेव्हा समोरासमोरचं होतं, नंतर 'दीक्षा' या सरकारी ऑनलाइन मंचावर आलं. त्यातला पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञानाचा १२ कोर्सचा संच तुमच्याच इयत्तांसाठी आहे. एकेक कोर्स तीन-चार तासांचा, शेवटच्या चाचणीत ७० टक्के मिळाले की प्रमाणपत्र. म्हणजे एका संचात तुमचे ५० तास जवळपास निघाले. पण बारा एकदम उरकू नका. 'प्राथमिक वर्गातील बहुभाषिक शिक्षण' आणि 'पायाभूत संख्याज्ञान' हे दोन सावकाश करा, तुमच्या वर्गाचं वर्णन वाचून हेच दोन डोळ्यांसमोर आले. बाकीचे झाले तर झाले. साहित्य ॲपमध्ये उतरवून ठेवता येतं, तेव्हा तालुक्याला जाल त्या दिवशी डाउनलोड करायचं आणि घरी निवांत बघायचं.

'स्वयं' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या मंचावरही बरंच आहे. शिकणं मोफत, परीक्षा द्यायची तर फी आणि केंद्रावर जाणं आलं. परीक्षा नाही दिली म्हणून कुणी विचारत नाही.

गालजीबाग
एम.ए.बद्दल. इग्नूचा अभ्यासक्रम कमीत कमी दोन वर्षांचा, पूर्ण करायला चार वर्षांपर्यंत मुभा. प्रवेश जानेवारी आणि जुलै असे दोनदा. माध्यम इंग्रजी किंवा हिंदी, हे आधीच लक्षात घ्या, कारण स्वाध्याय हाताने लिहिताना खरी दमछाक तिथे होते. मराठीतून हवं तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आठवतं, पण राज्याच्या मुक्त विद्यापीठाला स्वतःच्या राज्याबाहेर केंद्र चालवता येत नाही. म्हणजे केंद्र सावंतवाडी-दोडामार्ग बाजूला शोधा आणि परीक्षेला तिकडे जा. प्रवेश घेण्याआधी खात्याची लेखी परवानगी घ्या. तोंडी 'हो हो, करा' वर जाऊ नका.

जुना_मास्तर
बाय, कोर्स कुठला ते मागाहून बघ. उद्या वर्गात ५२ वजा २७ घाल. चार-पाच पोरं ३५ लिहितील. आपण लाल फुली मारून 'लक्ष दे रे' म्हणतो. लक्ष असतंच त्याचं! मोठ्यातून लहान वजा करायचं हे त्याला पहिलीपासून सांगितलेलं, म्हणून तो सातातून दोन काढतो आणि पाचातून दोन. नियम पाळतोय बिचारा.

फुली मारू नको, 'कसं केलंस ते सांग' म्हण. कोकणीतून सांगितलं तरी चालेल, कन्नडमधून सांगितलं तर शेजारचा पोरगा अर्थ सांगेल. मग माडाच्या हिरांच्या (झावळीतल्या काड्यांच्या) दहा-दहाच्या जुड्या रबर लावून दे. पाच जुड्या, दोन सुटे. यातून सत्तावीस काढ म्हण. दोन जुड्या झटकन बाजूला होतात. सात सुटे मिळत नाहीत तेव्हा तो तुझ्या तोंडाकडे बघतो, मग जुडीकडे बघतो. तिथे गप्प राहायचं. रबर त्यानेच काढलं पाहिजे.

कोण काय म्हणाला ते तारीख घालून वहीत लिही. दोन आठवड्यांनी पुन्हा तसलंच गणित घाल, पुन्हा लिही. यालाच कृतिसंशोधन म्हणतात. आपल्याकडे त्याची चाळीस पानं बाइंड करतात आणि प्रस्तावना गेल्या वर्षीच्या कुणाची तरी असते, तो भाग वेगळा.

खडू_डस्टर
मास्तरांशी सहमत, पण पदवीला असं बाजूला सारू नका. मी एम.ए. केलं. वर्गात थेट उपयोगी असं त्यातलं थोडंच होतं. पण तपासणीला आलेला माणूस 'पाढे पाठ का नाहीत?' म्हणाला की आधी मी मान खाली घालायचो, आता दोन वाक्यांत कारण देऊ शकतो. वाचनाने हे बळ येतं. फक्त पगारात काही भर पडेल या आशेने करू नका.

आणि एकट्याने शिकणं फार काळ टिकत नाही. जपानमध्ये शिक्षकांची 'जुग्यो केंक्यू' नावाची जुनी पद्धत आहे. चौघं मिळून एक पाठ आखतात, एकजण शिकवतो, बाकीचे मागे बसून मुलांकडे बघतात. शिकवणाऱ्याला गुण द्यायचे नसतात, मुलं कुठे अडली तेवढंच टिपायचं. नंतर एकत्र बसून पाठ सुधारायचा. दोन शाळा मिळूनही हे जमतं. आपल्या प्रशिक्षणांत सही, चहा आणि स्लाइडचे फोटो यापलीकडे किती वेळा जातो सांगा?

पाटो_वाचक
वाचनासाठी: पणजीला पाटोवरचं कृष्णदास शामा राज्य ग्रंथालय. १८३२ पासूनचं आहे, नवी इमारतही ऐसपैस, मराठी विभाग चांगला. सत्तरीहून दर आठवड्याला कोण येणार म्हणा, पण सुट्टीत एक दिवस काढा. पुण्याची 'पालकनीती' आणि 'शैक्षणिक संदर्भ' ही दोन मासिकं-द्वैमासिकं बघा. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर टाकाऊतून खेळणी आणि कितीतरी मराठी पुस्तकं मोफत आहेत. विज्ञानासाठी मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचं साहित्य.

सत्तरीची_टीचर
देव बरें करूं सगळ्यांना. मास्तर, आजच घातलं गणित. ३५ लिहिणारे पाचाहून जास्त निघाले, आणि त्यात माझी 'हुशार' म्हणवणारीही होती! तिने कारण इतकं ठासून सांगितलं की क्षणभर मलाच पटलं.

तर एम.ए. सध्या राहू दे, दोन वर्षांनी बघते. या पावसाळ्यात संख्याज्ञान आणि बहुभाषिकवाला कोर्स, आणि रोज वहीत अर्धं पान. पुढच्या वाड्यावरच्या शाळेतली टीचर तयार आहे, जुग्यो केंक्यू करून बघू म्हणते. पण ती एकशिक्षकी शाळा. ती माझ्या वर्गात आली तर तिची मुलं कुणाकडे?

खडू_डस्टर
मुलांनाच घेऊन येऊ दे. भागशिक्षणाधिकाऱ्यांना दोन्ही शाळांच्या नावे एक अर्ज द्या, 'संयुक्त उपक्रम' लिहा, माध्यान्ह आहार पुरवणाऱ्यांना आदल्या दिवशी आकडा कळवा. पालकांची सही विसरू नका. चवथीच्या (गणपतीच्या) सुट्टीआधीचा आठवडा टाळा, त्यात मुलंच नसतात.

जुना_मास्तर
आणि हिरांच्या जुड्या जास्त करून ठेव. दोन शाळांची पोरं आहेत.