मदत हवी आहे: सेरीन हायड्रॉक्झामेट देऊनही रिपोर्टर हलत नाही (ई. कोलाय, स्ट्रिंजंट रिस्पॉन्स)

कोलायवाली

अमिनो आम्लं कमी पडली की पेशी रायबोसोमचा आरएनए (आरआरएनए) बनवणं थांबवते, तोच स्ट्रिंजंट रिस्पॉन्स; तो मी सेरीन हायड्रॉक्झामेटने घडवू पाहतेय. स्ट्रेन दोन: एमजी१६५५ (वाइल्ड टाइप) आणि त्याचाच रेलए जनुक काढलेला म्युटंट. जीएफपी या चमकणाऱ्या प्रथिनाचे रिपोर्टर प्लाझमिडवर (पेशीतल्या वेगळ्या लहान डीएनए वर्तुळावर) आहेत; प्रमोटर, म्हणजे जनुक चालू करणारा भाग, किती चालतो ते चमकीवरून कळतं. एकात आरआरएनएचा आरआरएनबी पी१ प्रमोटर, जो उपासमारीत बंद व्हायला हवा. दुसऱ्यात अमिनो आम्लं आत घेणाऱ्या जनुकाचा लिव्हजे प्रमोटर, जो वर जायला हवा. माध्यम एम९ (साधं क्षारांचं, मिनिमल), ग्लुकोज ०.४ टक्के, कॅसअमिनो आम्लं (अमिनो आम्लांचं मिश्रण) ०.२ टक्के, ३७ अंश. ओडी (कल्चरचा गढूळपणा) ०.३ ला सेरीन हायड्रॉक्झामेट १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली दिलं आणि दोन तास प्लेट रीडरवर वाचलं.

वाढ किंचित मंदावते, पण दोन्ही प्रमोटरांची चमक तशीच राहते. वाइल्ड टाइप आणि म्युटंट यांचे आलेख एकावर एक बसतात. औषध खराब असेल का, की म्युटंटच चुकीचा आहे?

जुनी_पिपेट

औषधावर संशय घेण्याआधी माध्यम बघा. सेरीन हायड्रॉक्झामेट हे सेरीनशी स्पर्धा करून सेरिल-टीआरएनए सिंथेटेजला, म्हणजे टीआरएनएवर सेरीन चढवणाऱ्या एन्झाइमला, अडवतं. कॅसअमिनोमध्ये सेरीन भरपूर असतं, त्यामुळे उपासमार नीट घडतच नाही. कॅसअमिनो काढा आणि मात्रा वाढवा. डीएल (दोन आरसा-रूपांचं) मिश्रण असेल तर १ मिलिग्रॅम प्रति मिली द्या, कारण त्यातला एल रूपाचा अर्धा भागच कामाचा. रात्रभरचं कल्चरही त्याच साध्या एम९ मध्ये वाढवा. एलबी या सकस माध्यमातून थेट एम९ मध्ये टाकलेला रेलए म्युटंट बराच वेळ अडून बसतो आणि दोन स्ट्रेनची तुलना तिथेच बिघडते.

म्युटंटची खात्री स्वस्तात होते. ग्लुकोजच्या मिनिमल प्लेटवर सेरीन, मेथिओनीन आणि ग्लायसीन प्रत्येकी १ मिलिमोलर घाला. वाइल्ड टाइप वाढेल, रेलए म्युटंट वाढणार नाही.

आणि ओडीच्या आलेखावरून निकाल काढू नका. सेरीन न चढलेल्या टीआरएनएमुळे प्रथिनं बनणं दोघांतही थांबतं, म्हणजे वाढही दोघांत थांबणारच. फरक आरएनएमध्ये आहे. वाइल्ड टाइपमध्ये रिकामा टीआरएनए रायबोसोमच्या ए-साइटवर (नवा टीआरएनए बसण्याच्या जागी) आला की रेलए प्रथिन पीपीजीपीपी हा छोटा संकेत-रेणू बनवतं. ते डीकेएसए प्रथिनाच्या साथीने आरएनए पॉलिमरेजवर बसतं आणि आरआरएनए बनणं झपाट्याने पडतं. म्युटंटमध्ये प्रथिनं थांबलेली असतानाही आरआरएनए बनत राहतो.

आगरआगर

वरच्या सगळ्याशी सहमत, पण माध्यम सुधारल्यावरही हे रिपोर्टर काही सांगणार नाहीत. साधा जीएफपी पेशीत तुटत नाही, पेशी वाढून विभागल्या तरच तो विरळ होतो. वाढ थांबली की आधी साठलेला जीएफपी तसाच दिसतो, मग आरआरएनबी पी१ पूर्ण बंद झालेला असला तरी. लिव्हजेची अडचण याहून मूलभूत आहे. प्रमोटर जोरात चालला, एमआरएनए बनला, तरी सेरीन नसताना जीएफपी बनणार कशाने? त्यातही सेरीन लागतंच. तुटण्याची शेपटी लावलेला जीएफपी पहिली अडचण सोडवतो, दुसरी नाही.

म्हणून एमआरएनए मोजा. ०, २, ५, १० आणि २० मिनिटांना नमुने घ्या. १० मिली कल्चर थेट १.२५ मिली बर्फगार इथेनॉल-फिनॉलमध्ये (फिनॉल ५ टक्के) ओता, मगच सेंट्रिफ्यूज करा. आधी फिरवलंत तर त्या पाच मिनिटांत पेशींना ऑक्सिजन मिळत नाही, बरेचसे एमआरएनए तुटून जातात आणि तुम्ही सेंट्रिफ्यूजचाच परिणाम मोजता.

क्यूपीसीआरचे (एमआरएनए मोजण्याच्या चाचणीचे) प्रायमर जीएफपीच्या सुरुवातीच्या टोकाला ठेवा. भाषांतर (एमआरएनएवरून प्रथिन बनणं) अडलं की उघड्या एमआरएनएवर ऱ्हो प्रथिन पुढचं लेखन (आरएनए बनणं) तोडतं, त्यामुळे शेवटच्या टोकाचे प्रायमर खोटी घट दाखवतात. प्लाझमिडचा डीएनए मुबलक असतो, तेव्हा तो तोडणारं डीएनेज आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजशिवायचा कंट्रोल दोन्ही हवेतच. १६एस आरआरएनएला संदर्भ धरू नका, तुमचा प्रश्नच आरआरएनएचा आहे. पेशी फोडताना ओडीच्या प्रमाणात बाहेरचा एखादा आरएनए, उदाहरणार्थ ल्युसिफरेजचा, मिसळा आणि त्यावर भागा.

कोलायवाली

आता चूक कुठे होती ते कळलं. आणखी दोन शंका. पीपीजीपीपी खरंच वाढलं हे थेट बघता येईल का? आणि सेरीन हायड्रॉक्झामेटऐवजी ग्लुकोज संपू दिलं तर चालेल?

जुनी_पिपेट

थेट बघता येतं, पण एम९ मध्ये नाही. त्यात फॉस्फेट ६० मिलिमोलरच्या वर असतं, लेबलसाठीचा किरणोत्सारी फॉस्फरस पी-३२ त्यात हरवतो. ०.४ मिलिमोलर फॉस्फेटचं मॉप्स माध्यम घ्या आणि निदान दोन पिढ्या लेबल होऊ द्या. नमुना तेवढ्याच आकारमानाच्या थंड १३ मोलर फॉर्मिक आम्लात थांबवा. पीईआय सेल्युलोज प्लेट (रेणू वेगळे करणारी क्रोमॅटोग्राफीची प्लेट) १.५ मोलर केएच२पीओ४, पीएच ३.४ मध्ये चालवा. पीपीजीपीपी जीटीपीच्या खाली राहतं. १९६९ मध्ये कॅशेल आणि गॅलंट यांना हा रेणू सापडला तोही क्रोमॅटोग्रामवरचा ठिपका म्हणूनच. इथेही आधी फिरवू नका. उपासमार सुटली की पीपीजीपीपी अर्ध्या मिनिटात निम्म्यावर येतं.

ग्लुकोजचा प्रयोग हा वेगळा प्रश्न आहे. तिथे मुख्य काम स्पॉटी या पीपीजीपीपी बनवणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाचं असतं, रेलए म्युटंटमध्येही पीपीजीपीपी वाढतं, शिवाय ग्लुकोजच्या टंचाईची सीएएमपी-सीआरपी ही वेगळी यंत्रणा जागी होते. दोन्ही एकाच आलेखात घालू नका. दुसरी अमिनो आम्लाची उपासमार हवी असेल तर एल-व्हॅलीन ५०० मायक्रोग्रॅम प्रति मिली द्या. के-१२ मध्ये (एमजी१६५५ त्यातलाच) आयएलव्हीजी जनुक तुटलेलं असल्याने व्हॅलीनमुळे आयसोल्युसीन बनणं अडतं. नंतर आयसोल्युसीन घातलं की पेशी सावरतात, म्हणजे उलट दिशेची चाचणीही होते.

आगरआगर

एक कंट्रोल मात्र चुकवू नका. सेरीन हायड्रॉक्झामेटने भाषांतरही थांबतं, त्यामुळे दिसलेला बदल पीपीजीपीपीमुळेच झाला असं म्हणता येत नाही. आयपीटीजी हे रसायन घातल्यावर चालणारा, रायबोसोमशिवाय काम करणारा आखूड रेलए प्लाझमिडवरून द्या आणि सोबत त्याचाच निष्क्रिय तुकडा ठेवा. उपासमार न देता आरआरएनबी पी१ पडला आणि निष्क्रिय तुकड्यात पडला नाही, तर ते काम पीपीजीपीपीचं. रेलए आणि स्पॉटी दोन्ही काढलेला स्ट्रेन वापरायचा विचार असेल तर तो अमिनो आम्लांशिवाय मिनिमलमध्ये वाढत नाही. वाढलेला दिसला तर आरपीओबी किंवा आरपीओसी या आरएनए पॉलिमरेजच्या जनुकांमधला सप्रेसर (उणीव झाकणारं म्युटेशन) शोधा.