प्रतिसाद: इंडोनेशियन दुभाष्या निवडताना
वेर्ण्याच्या कारखान्यात इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटाहून येणाऱ्या स्टेनलेसच्या तंत्रज्ञांसाठी तुम्हाला पणजीतलाच दुभाष्या हवाय. हा हट्ट सोडा. हिम्पुनान पेनर्जेमाह इंडोनेशिया या तिथल्या अनुवादक संघटनेच्या सदस्यांमध्ये शोधा आणि आधी ऑनलाइन पारखून घ्या.

पारखायला मिलचं टेस्ट सर्टिफिकेट (पोलादाच्या चाचण्यांचे आकडे देणारा गिरणीचा दाखला) मोठ्याने वाचून इंग्रजीत सांगायला लावा. तिकडे दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला टिंब असतं. ॲनीलिंगचं, म्हणजे पोलाद तापवून मऊ करण्याचं, तापमान '१.०५०' लिहिलं असेल तर ते एक हजार पन्नास अंश. घाईत जो इथे अडखळतो, त्याला भट्टीजवळ उभं करू नका.

ड्रॉइंग आणि शब्दसूची आधीच पाठवा. बोलणं चालू असतानाच भाषांतर हवं असेल तर दोघे घ्या, वीस-तीस मिनिटांनी पाळी बदलावी लागते. सुलावेसी आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. शुक्रवारी सकाळी दहाला ऑनलाइन बैठक ठेवलीत तर तिकडे जुम्म्याची वेळ होते.