सावनेर, रामटेक, कुही: गावांच्या नावांचा उगम कसा शोधायचा?

वेणाकाठ:
नागपूर जिल्ह्यातल्या सावनेर, रामटेक आणि कुही तहसिलींतल्या गावांच्या नावांची नोंद तयार करायची आहे. ग्रामपंचायतींना वेशीवर नावाखाली दोन ओळींची माहिती लावायची आहे. एकदा फलक लागला की पोरं तेच पाठ करतील, म्हणून चुकीचं काही जायला नको. खापा, खापरी, खापरखेडा ही नावं एकाच शब्दातून आली असावीत का? एकाच नावाची दोन-तीन गावं असली तर जुन्या कागदातली नोंद नेमकी कोणत्या गावाची, हे कसं ठरवायचं? आणि गावकरी सांगतात ती कथा कागदाशी जुळली नाही, तर फलकावर काय लिहायचं?

जुनीनक्कल:
आधी प्रत्येक मौजाचं वेगळं पान करा. वरच्या कोपऱ्यात २०११ च्या जनगणनेतला सहा आकडी गाव क्रमांक लिहा. नावात घोळ होतो, क्रमांकात होत नाही. त्याखाली चार रकाने: सातबाऱ्यावरचं नाव, गावात तोंडी म्हणतात ते नाव, इंग्रजी नकाशावरचं नाव आणि सर्वांत जुना लिखित उल्लेख, सालासकट. तोंडी नाव ऐकू येतं तसंच उतरवा. आपल्याकडे 'ण' चा 'न' होतो, काटोल-नरखेडच्या बाजूला वऱ्हाडी वळणाने 'ळ' चा 'य' होतो. हे 'शुद्ध' करून लिहिलंत तर तो रकाना वाया गेला.

मग तहसिलीच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल मागा. मालगुजारीच्या, म्हणजे गावाचा सारा मालगुजार गोळा करायचा त्या जुन्या पद्धतीच्या काळातले नकाशे बहुतेक १६ इंचाला १ मैल या मापाचे आहेत. त्यावर नाले, तळी, गावठाण सगळं वेगळं दिसतं. सोबत वाजिब-उल-अर्ज आणि निस्तार पत्रक, म्हणजे गावच्या रूढींच्या आणि वापर-हक्कांच्या नोंदी, पाहा. गुरं कुठे चरायची, पाणी कुठलं, सरपण कुठलं हे त्यात लिहिलेलं असतं, आणि गावाचं नाव ज्या झऱ्यावरून किंवा झाडावरून पडलं तो झरा किंवा ते झाड बरेचदा तिथेच सापडतं. मालगुजारी १९५१ मध्ये संपली, त्यामुळे त्याआधीचा आणि नंतरचा असे दोन्ही कागद घ्या. नावाचं रूप बदललं असेल तर ते तिथे पकडता येतं.

एकाच नावाच्या गावांसाठी जोडनाव सोडू नका. सोनेगाव (लोधी) आणि सोनेगाव (निपाणी) ही दोन वेगळी गावं आहेत. पिपळा (डाकबंगला) मध्ये तर जोडनावच इतिहास सांगतं. खुर्द म्हणजे धाकटं आणि बुद्रुक म्हणजे थोरलं, दोन्ही फारसीतून आलेले शब्द. पण आजची लोकसंख्या पाहून कोण धाकटं ते ठरवू नका. कैक ठिकाणी खुर्दच मोठं झालंय. नावापुढे (रिठी) दिसलं तर ते गाव ओसाड पडलेलं आहे आणि फक्त महसुली नोंदीत शिल्लक आहे. अशा मौजात फलक लावायला वेस नसते, पण पान मात्र करा, कारण शेजारच्या गावाने त्याचं नाव उचललेलं असू शकतं.

सगळ्यात जास्त चुका इंग्रजीवरून होतात. इंग्रजांनी मधला 'व' हा 'ओ' ने लिहिला. ते स्पेलिंग परत देवनागरीत आणताना कोणी 'देओलापार' लिहितं, कोणी 'साओंगी'. मूळ देवलापार आणि सावंगी. त्यामुळे इंग्रजी रूप फक्त पडताळ्यासाठी. उकल करायची ती देवनागरी किंवा मोडी रूपावरून. भोसलेकालीन कागद मोडीत आहेत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळं दाखवत नाहीत आणि शब्दही तोडत नाहीत, म्हणून एका कागदावर भिस्त ठेवू नका. तेच नाव दोन वेगळ्या हातच्या कागदांत वाचून मगच उतरवा.

मोहफूल:
झाडांच्या नावांबद्दल. पिपळा, चिचोली, बोरगाव, मोहगाव, पळसगाव, सावरगाव, खैरी, हिवरा, जामगाव, सालई ही सरळ ओळखू येतात, तरी जमीन पाहिल्याशिवाय सही करू नका. सालई खडकाळ, पातळ मातीच्या टेकडीवर वाढते. हिवर आणि बाभूळ सपाट काळ्या मातीत. उंबर नाल्याकाठी. 'सालई' नावाचं गाव खोल काळ्या मातीत बसलेलं दिसलं, तर नाव दुसरीकडून आलं असावं अशी शंका घ्या आणि आसपास टेकडीखाली रिठी आहे का ते शोधा. फेब्रुवारी-मार्चमध्ये फिरा: पळस आणि सावर फुललेले असतात, लांबून मोजता येतात.

पाण्याच्या शब्दांतला फरक जपा. झरी म्हणजे जमिनीतून पाझरणारं पाणी. अंबाझरी आणि माहुरझरी ही नावं त्यातली. डोह म्हणजे नदीतला तो खोल भाग जो उन्हाळ्यातही आटत नाही, डिगडोह, तोतलाडोह. तोतलाडोहला आता पेंचवर धरण आहे, मूळ डोह पाण्याखाली गेला. अशा ठिकाणी धरणाआधीचा भारतीय सर्वेक्षणाचा नकाशा लागेल. रामटेक-देवलापारचा भाग ५५ ओ या पत्रकात येतो, उमरेडची बाजू ५५ पी मध्ये, काटोल ५५ के मध्ये.

गोंडीबद्दल एक कळकळीची विनंती. गोंडीत 'एर' म्हणजे पाणी, 'नार' म्हणजे गाव, 'मरा' म्हणजे झाड. ही यादी हातात आली की लोक सावनेरच्या शेवटी 'एर' पाहून मोकळे होतात. तसं करू नका. देवलापारच्या बाजूला घरात गोंडी बोलणारी माणसं आहेत. नाव त्यांच्या तोंडून ऐका, अर्थ त्यांना विचारा. आणि त्यांनी सांगितलेला अर्थ मराठीत ओढूनताणून बसवू नका.

जुनीनक्कल:
खापराचं राहिलं. खापरी आणि खापरखेडा यांत 'खापर' उघड आहे. पडताळा असा: गावठाणाजवळ पांढरी आहे का पाहा, म्हणजे जुन्या वस्तीची राखट, भुरभुरीत माती. पहिला पाऊस पडून गेला की नांगरलेल्या पांढरीत खापरं धुऊन वर येतात. शेजारी पट्टी ठेवून फोटो घ्या, खापर उचलू नका. जागेवरून हललं की त्याचा उपयोग गेला. 'खापा' मात्र वेगळा ठेवा. त्यातला 'र' गळाला असं म्हणायला 'र' असलेला एक तरी जुना कागद हवा.

वेणाकाठ:
आभार, हे नेमकं हवं होतं. नगरधनला 'नगराचं धन' असं सांगतात आणि कामठीला 'कॅम्प' वरून. हे ठेवावं का? आणि चोरबाहुलीचं काय?

ताम्रपट:
नगरधनचं नाव या कामासाठी वस्तुपाठ आहे. 'नगराचं धन' हा अर्थ आजच्या रूपावरून जुळवलेला आहे. जुनं नाव नंदिवर्धन, वाकाटकांची राजधानी. पाचव्या शतकातला वाकाटक राणी प्रभावतीगुप्ताचा पुणे ताम्रपट तिथूनच दिलेला आहे. पुढे इ.स. ९४० च्या देवळी ताम्रपटात 'नागपुर-नंदिवर्धन' असा विषय, म्हणजे प्रांत येतो. शेजारचं रामटेक जुन्या लेखांत रामगिरी आहे, आणि तिथल्या लाल दगडामुळे सिंदुरगिरीही. 'गिरी' चा 'टेक' झाला, अर्थ तोच राहिला. ताम्रपटांत दान दिलेल्या गावाच्या चारही शिवांवरची गावं लिहितात. म्हणून नुसतं नाव जुळवू नका, शेजारची निदान दोन गावं जुळली पाहिजेत.

कामठीची छावणी इंग्रजांनी १८२१ मध्ये वसवली. 'कॅम्प' ची उकल खरी-खोटी करायला एकच कसोटी आहे: १८२१ आधीच्या कागदात 'कामठी' सापडतं का. सापडलं की कथा बाद. तोवर 'असं सांगितलं जातं' एवढंच लिहा.

चोरबाहुलीत बाहुली शोधण्याआधी बावली शोधा, म्हणजे पायऱ्यांची विहीर. इंग्रजी नकाशावरचं रूप 'बावली' च्या जवळ जातं. गावात किंवा जुन्या वाटेवर तशी विहीर असेल तर तिची लांबी-रुंदी, पायऱ्या मोजून पानावर नोंदवा.

फलकावर तीनच शब्दप्रयोग ठेवा: लेखी पुरावा असेल तर 'उल्लेख आहे', जमीन आणि भाषा दोन्ही जुळत असतील तर 'यावरून पडले असावे', नुसती कथा असेल तर 'असे सांगितले जाते'. नगरधनसाठी मजकूर असा चालेल: 'जुने नाव नंदिवर्धन. वाकाटकांची राजधानी. प्रभावतीगुप्ताच्या ताम्रपटात उल्लेख आहे.' आणि रंगाऱ्याला मजकूर देवनागरीत छापून द्या, मोबाईलवर रोमन अक्षरांत पाठवू नका. 'ळ' आणि 'ड' ची अदलाबदल तिथेच होते.

वेणाकाठ:
समजलं. खापाचा उगमाचा रकाना कोरा ठेवतो, र असलेला कागद मिळेपर्यंत. चोरबाहुलीला टेप घेऊन जातो.