अडतिसाव्या वर्षी अचानक सेन्सिटिव्ह स्किन, असं होतं का?

रानजाई:
मला आजवर चेहऱ्याला काहीही फासलं तरी कधी काही झालं नाही. धाकट्या बहिणीला लहानपणापासून एक्झिमा, त्यामुळे सगळी पथ्यं तिची, आणि मी हाताला लागेल त्याने तोंड धुणारी. पण गेल्या चारेक महिन्यांपासून नुसतं कोमट पाणी लागलं तरी गाल चुणचुणतात, मॉइश्चरायझर लावलं की आग होते आणि संध्याकाळपर्यंत चेहरा लाल, कातडी ओढून बसवल्यासारखी. आणि नवीन म्हणाल तर काही नाही हो, फेसवॉश दहा वर्षं तोच आहे. हां, सहा महिन्यांपूर्वी रेटिनॉल (सुरकुत्यांसाठी लावतात ते) सुरू केलं आणि आठवड्यातून तीनदा मेलेली कातडी काढणारं ग्लायकोलिक अ‍ॅसिडचं टोनर, पण ते सुरुवातीला छान मानवलं होतं. घाबरून सेन्सिटिव्ह स्किनसाठी म्हणून लिहिलेली तीन क्रीम आणली, तिन्हींनी आग. वयाने होतं का हे की दुसरंच काही आहे? एखादं चांगलं क्रीम सुचवा प्लीज.

टिपकागद:
चौथं क्रीम आणू नका एवढंच आधी सांगतो :)
रेटिनॉल आणि अ‍ॅसिड दोन्ही आजपासून बंद. त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरात मेलेल्या पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि मधे सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल, फॅटी अ‍ॅसिड या स्निग्ध पदार्थांचा चुना. या दोन्हींच्या माऱ्याने तो चुना झडला की आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरचं काहीही आत शिरून मज्जातंतूंना टोचतं, मग साधं क्रीमसुद्धा झोंबतं. सुरुवातीला मानवलं याला काही अर्थ नाही, झीज हळूहळू साचते. त्यात चाळिशीकडे जाताना त्वचेचं तेल आणि सिरॅमाइड दोन्ही कमी होत जातात, म्हणून पंचविशीत खपून गेलेलं आता खपत नाही. फेसवॉश पण बघा, साध्या साबणाचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) ९-१० असतो आणि त्वचेचा ५ च्या आसपास, त्यामुळे फेसवॉशने चरचरीत स्वच्छ वाटत असेल तर ते काही चांगलं लक्षण नाही.
तीन-चार आठवडे फक्त सौम्य क्लेन्झर (तोही रात्री एकदा, सकाळी नुसतं पाणी), ओलसर चेहऱ्यावर बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर, दिवसा झिंक ऑक्साइडवालं सनस्क्रीन. बास. कंटाळा येतो, मला आला होता आणि दुसऱ्या आठवड्यात मी सिरम लावून सगळं पहिल्यापासून सुरू केलं.

मधुरा_क:
माझ्याकडे एक स्टिरॉइडची ट्यूब होती ती दोन दिवस लावली, लाली गायब. तू पण बघ लावून.

टिपकागद:
मधुरा, नको गं असं सांगूस. स्टिरॉइडने लाली दबते, कारण तसंच राहतं. चेहऱ्यावर आठवडेच्या आठवडे लावलं तर कातडी पातळ होते, बारीक नसा दिसायला लागतात आणि बंद केलं की आधीपेक्षा जास्त भडकतं. डॉक्टरांनी ठरावीक दिवसांसाठी दिलं तर गोष्ट वेगळी.

कोपऱ्यातली_खुर्ची:
टिपकागद यांना अनुमोदन, पण एक राहिलं. चुणचुण आणि अ‍ॅलर्जी वेगळी. चुणचुण लावल्या लावल्या होते, अ‍ॅलर्जीत बहुतेक वेळा खाज जास्त आणि ती एकदोन दिवसांनी उगवते म्हणून चोर सापडत नाही. आणि दहा वर्षं वापरलेल्या वस्तूचीही अ‍ॅलर्जी होऊ शकते बरं का, शरीर कधी तिच्यावर डूख धरेल सांगता येत नाही. मला शाम्पूतल्या मिथाइलआयसोथायाझोलिनोन नावाच्या प्रिझर्व्हेटिव्हची निघाली आणि मी सहा महिने क्रीम बदलत बसले होते. नॅचरल लिहिलेल्या सुगंधी तेलांवरही जाऊ नका, तीही तितकीच टोचतात. डर्मॅटकडे (त्वचेच्या डॉक्टरांकडे) पाठीवर पॅच टेस्ट करतात, म्हणजे संशयित पदार्थ लावलेल्या पट्ट्या चिकटवतात, त्या ४८ तास ठेवायच्या, पाठ ओली करायची नाही (वैताग!), काढल्यावर एकदा बघतात आणि परत एकदोन दिवसांनी.
रानजाई, खाज आहे का? चेहरा सोडून अजून कुठे? गरम पेय, ऊन, तिखट यांनी भसकन लाल होता का? तसं असेल तर रोझेशिया (चेहरा लाल होण्याचा त्वचेचा आजार) असू शकतो, तो तिशीनंतरच डोकं वर काढतो बऱ्याचदा.

रानजाई:
उन्हाने वगैरे नाही होत. पण खाज आहे, आणि आत्ता आठवलं, पापण्यांवर आहे! तिथे मी क्रीम लावतच नाही, म्हणून लिहिलं नव्हतं.

कोपऱ्यातली_खुर्ची:
नेलपॉलिश लावता का? विचित्र वाटेल पण त्याच्या अ‍ॅलर्जीत नखांवर काही होत नाही आणि हात डोळ्याला लागून पापण्या सुजतात, पापणीची कातडी सगळ्यात पातळ. जेलवालं असेल तर आणखी संशय.

रानजाई:
जेलच लावते. पाच महिन्यांपासून. अरे देवा.
टोनर कपाटात वर टाकलंय, नखं उद्या साफ करून घेते आणि डर्मॅटची वेळ पुढच्या गुरुवारची मिळालीय. जेलच्या बाटलीवरचं लेबल फोटो काढून नेऊ ना?

टिपकागद:
फोटो काय, सगळ्या बाटल्याच पिशवीत घालून न्या. आणि मधे पापण्या जास्त सुजल्या, ओठ सुजले किंवा श्वासाला त्रास झाला तर गुरुवारची वाट बघू नका.