उबुदच्या पुढेही कॉफी आहे हो!
कुणीतरी लिहिलंय की बालीत उबुद गाव सोडलं की रस्त्यात धड कॉफी मिळत नाही, अहो मग किंतामणीच्या डोंगराळ भागाकडे गाडी वळवा ना, तिथे संत्र्याच्या झाडांमधे कॉफी लावतात, त्या अरेबिका जातीच्या कॉफीला २००८ मधे जीआय (भौगोलिक मानांकन) पण मिळालाय. साध्या वारुंगमधे (तिथली छोटी खानावळ) कोपी तुब्रुक मागा, ग्लासात बारीक पावडर, वरून उकळतं पाणी, गाळणं वगैरे काही नाही, गाळ खाली बसेपर्यंत थांबायचं (आम्हा इंदूरवाल्यांना तेवढा धीर कुठला, पहिल्याच घोटात दातात चोथा!). साखर कमी हवी तर आधीच सांगा. लुवाकचे (उदमांजराच्या विष्ठेतल्या बियांची कॉफी) बोर्ड दिसले तर सरळ पुढे निघा, पिंजऱ्यातली उदमांजरं बघवत नाहीत आणि भाव पण अव्वाच्या सव्वा. आणि शेव इथूनच न्या, तिकडे कॉफीसोबत केळ्याची भजी मिळतात, गोडावर गोड.