मदत हवी आहे: प्रागमधलं पॅराशूटवीरांचं स्मारक, तळघर आणि बाबांचे गुडघे

जूनमध्ये बाबांना घेऊन प्रागला जातोय. रेस्लोवा रस्त्यावरच्या सिरिल-मेथोडियस चर्चमधलं स्मारक त्यांना पाहायचंच आहे. नाझी अधिकारी हायड्रिखवरच्या हल्ल्यानंतर तो हल्ला करणारे चेकोस्लोव्हाक पॅराशूटवीर गाबचिक, कुबिश आणि त्यांचे पाच साथीदार इथे लपले होते आणि 18 जून 1942 ला इथेच लढता लढता गेले. फुटपाथवरून तळघराची ती छोटी खिडकी दिसते. भोवतालच्या भिंतीवर गोळ्यांच्या खुणा तशाच ठेवल्यात. त्यांना बाहेर काढायला जर्मनांनी अग्निशामक दलाचे पाइप तिथूनच आत सोडून पाणी भरलं होतं.

अडचण अशी की बाबांचे गुडघे गेलेत. काठी घेऊन सपाट रस्त्यावर चालतात, चार-पाच पायऱ्याही कठड्याला धरून उतरतात, त्यापुढे नाही. व्हीलचेअर नेणार नाही. नेटवर बरेच फोटो पाहिले, पण सगळे तळघराच्या आतले, जिन्याचा एकही नाही. स्मारकाला ईमेल केलाय, उत्तर आलेलं नाही. हल्ला झाला त्या लिबेन भागातलं तीन पुतळ्यांचं स्मारक उघड्यावर आहे, त्यामुळे तिथली चिंता नाही.

अलीकडे कोणी जाऊन आलं असेल तर कृपया सांगा: तळघरात उतरायला साधारण किती पायऱ्या आहेत, दोन्ही बाजूंना कठडा आहे का, आणि पायऱ्या टाळून आत जायची दुसरी वाट आहे का?