तुमच्या घरचा उन्हाळा: काय जमलं, काय फसलं?

आमचं घर वरच्या मजल्यावर, थेट गच्चीखाली. रात्री अकराला भिंतीला हात लावला तरी चहाचा कप धरल्यासारखं वाटतं. 'भरपूर पाणी प्या, सुती कपडे घाला' हे फॉरवर्ड सगळ्यांनाच येतात, ते इथे नकोत. तुमच्या घरात काय चाललं ते लिहा. फसलं असेल तर ते आधी लिहा.

सुरुवात माझ्यापासून. गेल्या वर्षी गच्चीला चुना दिला. पंख्याचं वारं भाजायचं थांबलं. पण नुसता चुना दिला होता, तो पहिल्याच पावसात वाहून शेजारच्यांच्या गाडीवर गेला. यंदा चुना रात्रभर भिजवला, गाळला, त्यात फेविकॉल मिसळलं आणि दोन हात मारले. एकच त्रास, दुपारी कुरडया उलटायला गेलं की पांढऱ्या गच्चीवर डोळे दिपतात. मी गॉगल लावून कुरडया उलटते, हसू नका.

डोंबिवली
माझं फसलेलंच आहे. नागपूरच्या नणंदेकडचा कूलर बघून हौसेने तसाच आणला. दोन दिवसांत चादरी दमट, पापड मऊ, आणि आम्ही आधीपेक्षा जास्त चिकचिकीत. आता त्यावर कुंडी ठेवली आहे.
दुसरं, डोशाचं पीठ. रात्री अकराला वाटून ठेवलं, पहाटे चारला ओट्यावरून खाली उतरलं होतं. आता सकाळी गार पाण्यात वाटते, डोळ्यांसमोर फुगू देते आणि चार-पाच तासांत फ्रीजमध्ये ढकलते. विरजणही थेंबभरच, दूध अगदी निवल्यावर.

नागपूर
डोंबिवलीकर, त्यात कूलरची चूक नाही. कोरड्या हवेत ताट्यांवरचं पाणी उडतं म्हणून वारा गार होतो. तुमच्याकडच्या हवेत आधीच ओल भरलेली, पाणी उडणार कुठे? आणि आमच्याकडेही बंद खोलीत कूलर लावणारे महाभाग आहेत. समोरची खिडकी चार बोटं तरी उघडी पाहिजे, दमट हवा बाहेर जायला.
आम्ही मार्चमध्येच ताट्या बदलतो. वाळ्याच्या घेतल्या तर पहिले आठ दिवस घरभर वास. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून, घासून, कोरडी करायची, नाहीतर डेंग्यूचे डास त्यातच वाढतात. पाणी भरताना प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून चालत नाही. दरवर्षी कूलरचा शॉक लागल्याची बातमी असतेच.

अकोला
हे जरा लांबेल. दोन वर्षांपूर्वी नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, सासरे भर दुपारच्या वरातीतून आले आणि बाजेवर पडले. थोड्या वेळाने भलतंच बोलायला लागले. मला माझ्या नणंदेच्या नावाने हाक मारली, मग बैल सोडले का विचारलं. बैल विकून वीस वर्षं झालीत. अंग तव्यासारखं, घामाचा टिपूस नाही. आम्ही ताप समजून पॅरासिटामॉल दिली, आत्याबाई तळपायाला कांदा चोळत बसल्या. अर्धा तास यातच गेला.
शेजारच्या ताई नर्स आहेत. त्यांनी आल्याआल्या बंडी काढायला लावली, अंगावर माठाचं पाणी ओतलं, ओली चादर टाकली, कूलर तोंडासमोर ओढला, काखेत आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवल्या. मी पन्ह्याचा ग्लास पुढे केला तर ओरडल्या, "शुद्ध नाही त्यांना, घशात अडकेल!" तोवर कोणीतरी १०८ लावला होता. चार दिवस दवाखान्यात काढले, वाचले.
डॉक्टरांनी सांगितलं, उष्माघातावर तापाची गोळी चालत नाही, अंग बाहेरून गार करणं हाच उपाय. माणूस बरळायला लागला की कांदा सोडा, पाणी ओता. घाम न येण्याची वाटही बघू नका, काहींना उष्माघातातही घाम येतो.
पन्हं आम्ही रोजच पितो, पण ते शुद्धीवरच्या माणसासाठी. जुलाब लागले तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. जास्त मीठ म्हणजे जास्त गुण नव्हे.

लातूर
पाणी जपायच्या नादात आरओचं वाया जाणारं पाणी कढीपत्त्याला घातलं. महिन्याभरात पानांच्या कडा करपल्या. ते पाणी खारं, आता फक्त फरशीला. झाडांना तांदूळ-डाळी धुतलेलं पाणी, तेही सूर्य उगवायच्या आत. कुंडीत वर रसवंतीवाल्याकडची उसाची चिपाडं, पण आधी वाळवून, नाहीतर मुंग्यांची जत्रा. मोठ्या झाडांशी जुने गळके माठ पुरलेत. भरून वर झाकणी ठेवली की पाणी हळूहळू मुळाशी झिरपतं.
नव्या माठाबद्दल: दिवसभर पाण्यात बुडवून ठेवा, पहिली दोन पाणी टाकून द्या, आणि साबण कधीच लावू नका. माझ्या जावेने लावला, आठ दिवस पाण्याला लिंबाच्या वड्यांचा वास.

मालवण
आमच्याकडे पारा फार चढत नाही, घाम मात्र सुटतो. मुलांना घामोळं आलं की पावडरीचे थर देत नाही, दोनदा आंघोळ आणि दुपारी उघडं अंग.
रतांबे आले की अमृत कोकम. बिया काढून वाट्यांत साखर ठासून भरायची, बरणी उन्हात ठेवायची. साखरेचा पाक सुटत जातो. बरणी पाण्याच्या परातीत ठेवा, एका वर्षी मुंग्यांनी आमच्याआधी सरबत प्यायलं. मिठातलं आगळ वेगळं, ते सोलकढीला. कलमांच्या आळ्यात नारळाची सोडणं उलटी घालतो, ओल टिकते.

दुबई
इथे टाक्या गच्चीवर, जूनपासून गार पाण्याचा नळ सोडला तर हात पोळतो. युक्ती अशी, उन्हाळाभर गीझर बंद. घरातल्या एसीत त्यातलं पाणी निवतं. म्हणजे आंघोळीला गरम पाण्याचा नळ सोडायचा, गार पाणी येतं! गीझर भरेल तेवढंच, म्हणून बादली आधी भरून घ्या.

नागपूर
दुबईकर, आजच करून बघितलं. आमचा गीझर आतल्या न्हाणीघरात आहे, पहिली बादली खरंच बरी आली. दुसरीला टाकीतलं उकळतं. सासूबाई अजून लाल खुणेच्या नळाला हात लावायला तयार नाहीत.